न दिसणारा कर्ता

‘वॉकिंग डाउन द रोड, अ डॉग बिट मी.’ मराठी माध्यमातून शिकलेल्या माणसाला या वाक्यात काही खटकत नाही. का खटकावं? ‘रस्त्यावरून चालताना मला कुत्रा चावला’ हे चोख मराठी आहे. चालणारा मी आणि चावणारा कुत्रा, हे कुणी वेगळं सांगावं लागत नाही. इंग्रजी मात्र हे वाक्य ऐकून चक्क कुत्र्यालाच फिरायला पाठवते.

‘वॉकिंग डाउन द रोड’ या तुकड्यात चालणारा कोण ते लिहिलेलंच नाही. इंग्रजीचा रिवाज असा, की असा तुकडा सुरुवातीला आला की स्वल्पविरामानंतरच्या मुख्य वाक्याचा कर्ता तोच त्याचाही कर्ता. इथे तो मान कुत्र्याला मिळाला. म्हणून ‘वॉकिंग डाउन द रोड, आय वॉज बिटन बाय अ डॉग’ असं फिरवायचं, नाहीतर सरळ ‘व्हाइल आय वॉज वॉकिंग’ म्हणून मोकळं व्हायचं. शेक्सपिअरनेही हा रिवाज मोडलाय. ‘हॅम्लेट’मधलं भूत आपल्या मृत्यूची पसरवलेली कहाणी (बागेत झोपलो असताना साप चावला) सांगतं, तेव्हा व्याकरणाच्या हिशेबाने बागेत झोपलेला असतो तो साप!

गंमत म्हणजे हा नियम आपल्याकडे फार जुना आहे. ‘गत्वा’, ‘कृत्वा’ अशी रूपं वापरायची तर दोन्ही क्रियांचा कर्ता एकच हवा, हे पाणिनीने अष्टाध्यायीत सूत्र करून ठेवलंय. मराठीतला ‘-ऊन’ आजही बहुधा तसाच वागतो. ‘बी.कॉम. पास होऊन काकांनी मला नोकरी लावली’ म्हटलं, तर पास काकाच झाले. (‘पाऊस पडून रस्ते ओले झाले’ असे अपवाद आहेत म्हणा.) ‘-ताना’ मात्र उदार, तो कर्त्याला सोडून ‘मला’लाही जाऊन चिकटतो. आपण फसतो ते या ‘-ताना’च्या सवयीमुळे.

‘टू’ लावलेल्या क्रियापदाची तऱ्हा याहून अजब. ‘मीना टोल्ड रवी टू कम’, येणार रवी. ‘मीना प्रॉमिस्ड रवी टू कम’, येणार मीना! शब्दांचा क्रम तोच, बदललं फक्त एक क्रियापद, आणि न दिसणारा कर्ता गुपचूप दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसला.

हे इंग्रजी मुलांनाही जन्मतः येत नाही. कॅरल चॉम्स्की या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी पाच ते दहा वर्षांच्या 40 मुलांपुढे डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाहुली ठेवली आणि विचारलं, ‘इज द डॉल ईझी टू सी ऑर हार्ड टू सी?’ बाहुली तर समोर लख्ख दिसत होती. तरी लहान मुलांपैकी अनेकांचं उत्तर ‘हार्ड’! विचारल्यावर कारण मिळे: तिच्या डोळ्यांवर पट्टी आहे ना. बघणारी बाहुलीच, असं त्यांनी धरलं होतं. 1969 साली हे काम पुस्तकरूपाने आलं. ‘ईगर टू सी’मध्ये बघणारी बाहुली असते आणि ‘ईझी टू सी’मध्ये बघणारे आपण असतो, हा फरक मातृभाषेतही पक्का व्हायला शाळेतली काही वर्षं जावी लागतात.

याउलट ‘टू’ आणि क्रियापद यांच्या मध्ये दुसरा शब्द घालू नये, हा शाळेत दरडावून शिकवलेला नियम. त्याला एवढा भाव देण्याचं कारण नाही. हेन्री फाउलरने 1926 मध्येच इंग्रजीच्या वापरावरच्या आपल्या कोशात तो आंधळेपणाने पाळणाऱ्यांची यथेच्छ टिंगल केली आहे.

तेव्हा इंग्रजीत अर्ज लिहाल, तेव्हा ‘हॅविंग कम्प्लीटेड माय डिग्री’नंतरच्या स्वल्पविरामापाशी जरा थांबा. पुढचा पहिला शब्द ‘आय’ आहे ना, एवढं बघा. तिथे ‘युअर कंपनी’ असेल, तर पदवी कंपनीने घेतली असा अर्थ होतो.