गाडी ‘मिसिंग’ करते, तेव्हा

चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला, की कार्ब्युरेटरवाली एखादी जुनी मारुती ८०० बॉनेट उघडून रस्त्याकडेला उभी दिसते. ‘उन्हानं पेट्रोलची वाफ झाली,’ असं जमलेला प्रत्येक जण सांगतो. अर्ध्या तासानं गाडी सुरू होते आणि निदान बरोबर होतं असं वाटतं. फसगत होते ती इथेच.

वाफ होते, हे खरं. या गाडीचा पेट्रोलपंप इंजिनलाच जोडलेला असतो. तो तापला की वाफ अडकते आणि पेट्रोल पुढे सरकत नाही. पण इग्निशन कॉईल तापली तरी गाडी अगदी अशीच बंद पडते. आतली तार तुटायला आली असेल, तर तापल्यावर सांधा सुटतो आणि गार झाल्यावर पुन्हा जुळतो. म्हणून तपासायचं ते गाडी तापून बंद पडलेली असतानाच. एक सुटा प्लग वायरला लावा, त्याची धातूची कड इंजिनच्या उघड्या धातूला टेकेल असा ठेवा, हात दूर घ्या आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ठिणगी निळी, कडक आली तर करंट ठीक आहे. मग पंपावर ओलं फडकं ठेवून पाहा. ठिणगीच नसेल तर कॉईल किंवा डिस्ट्रिब्युटर बघा. पेट्रोलचा वास येत असेल, तर मात्र ठिणगीचा प्रयोग करूच नका. तापल्या इंजिनावर बादलीभर पाणीही ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो.

आणि ही तपासणी मोहर्लीच्या किंवा मूलच्या जंगलरस्त्यावर करायची नाही. तिथे वाघ रस्ता ओलांडतात. काचा वर करून आत बसा, मदत बोलवा.

पावसाळ्यात दोष भेसळीच्या पेट्रोलवर जातो. भेसळ असते, टाकीत पाणीही उतरतं. पण दमट सकाळी झटके मारणारी, म्हणजे ‘मिसिंग’ करणारी गाडी ऊन पडल्यावर सुधारत असेल, तर आधी प्लगच्या वायरी आणि डिस्ट्रिब्युटरची कॅप बघा. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा. चिरलेल्या वायरीतून निळे स्फुल्लिंग बाहेर उडताना दिसतात. इतकी स्वस्त आणि खरी तपासणी दुसरी नाही.

‘प्लग बदला, काम होईल’ हाही असाच समज. काढलेला प्लग फेकण्याआधी वाचा. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा ठिणगी कमजोर आहे. तेलकट असेल तर इंजिन ऑईल जळतंय. पांढराफटक असेल तर हवा जास्त आहे, कुठली तरी नळी फाटली असेल. नवा प्लग यातलं काहीच दुरुस्त करत नाही. नव्या गाड्यांना लावायच्या स्कॅनरचंही तसंच: ‘पी०३०१’ एवढंच सांगतो, की पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग आहे. का आहे, ते शोधावंच लागतं. जुनी गाडी सिग्नलवर बंद पडते म्हणून आयडलिंगचा स्क्रू पिळून घेणं तर आजार झाकणं आहे.

भामरागडकडे पर्लकोटा नदीचं पाणी रस्त्यावर चढतं, तेव्हाची गोष्ट वेगळी. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून बाहेर काढा, सगळे प्लग काढा आणि मगच इंजिन फिरवून आतलं पाणी बाहेर पडू द्या.