दोन फुटांच्या टेबलावर मराठी

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशची राजधानी झाली. नागपूरचे राजधानीपण गेले आणि तिथल्या कचेऱ्यांतली अनेक मराठी कुटुंबे सरकारी फाइलींच्या पाठोपाठ भोपाळला आली. टी. टी. नगरच्या क्वार्टर्समध्ये संसार मांडले गेले. (टी. टी. म्हणजे आपले तात्या टोपे!) आपल्याकडच्याही काही लेकी तिकडे नांदतात. बेळगावला गोवा एक्स्प्रेसमध्ये बसले की गाडी न बदलता भोपाळ.

माझी नणंद त्यांतलीच एक. हिंदीतून मराठीत अनुवाद करून देण्याचे काम ती घरून करते. पानामागे पैसे मिळतात, त्यामुळे हात थांबला की मिळकत थांबते. तिची जागा म्हणजे कपाट आणि खिडकी यांच्यामधले दोन फुटांचे टेबल. वर्षभरापूर्वी उजवे मनगट आणि खांदा दुखू लागला. शेक झाला, मलम झाले. डॉक्टरांनी मात्र आधी टेबल कसे आहे ते विचारले.

हिशेब अगदी साधा आहे. नेहमीचा कळफलक साधारण ४४ सेंटिमीटर लांब असतो. दोन फूट म्हणजे ६१ सेंटिमीटर. उरल्या वीतभर जागेत माऊस फिरणार कसा? त्यात उजवीकडचा आकड्यांचा गठ्ठा माऊसला आणखी लांब ढकलतो. हात दिवसभर बाहेरच्या बाजूला ताणलेला राहतो आणि खांदा कुरकुरतो. आकड्यांचा गठ्ठा नसलेला कळफलक ३६ सेंटिमीटरांत बसतो, त्याहून आटोपशीर तिसाच्या आसपास.

पण मैत्रिणींनो, इथे एक मेख आहे, आणि ती इंग्रजी जाहिरातीत कधी लिहिलेली नसते. देवनागरीला कळा जास्त लागतात. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये प्रमाण ठरवलेल्या इनस्क्रिप्ट मांडणीत ‘पी’च्या उजवीकडच्या कंसाच्या कळीवर ‘ड’ आहे, अर्धविरामावर ‘च’, अवतरणचिन्हावर ‘ट’, तिरक्या रेघेवर ‘य’. वरच्या आकड्यांच्या ओळीत शिफ्ट दाबून क्ष, ज्ञ, त्र, श्र येतात. इंग्रजी लिहिणाऱ्याला या कळा अडगळ वाटतात, म्हणून फार लहान कळफलकांत नेमक्या त्याच गाळलेल्या किंवा दुसऱ्या कळीआड दडवलेल्या असतात. असा कळफलक घेतला तर ‘चटणी’सुद्धा सरळ लिहिता यायची नाही. रेमिंग्टन मांडणीवर हात बसलेल्यांनाही ही पूर्ण ओळ हवीच. तेव्हा आकड्यांचा गठ्ठा जाऊ द्या, पण वरची ओळ आणि उजव्या कडेच्या कळा मोजून घ्या.

मधून दुभंगलेल्या कळफलकाचे मात्र मला कौतुक वाटते. दोन्ही हात खांद्यांच्या रुंदीवर राहतात आणि मनगटे बाहेर मुरडत नाहीत. इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, तर म, न, व अशी थोडी सोडली तर व्यंजने उजव्या हाताला आहेत. त्यामुळे ‘काका’, ‘पोळी’ लिहिताना दोन्ही हात आळीपाळीने चालतात, जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोघींसारखे. दोन तुकड्यांच्या मधल्या जागेत कागद ठेवता येतो, हा वरचा फायदा.

ट्रॅकबॉल म्हणजे उताणा माऊस. चेंडू बोटांनी फिरवायचा, यंत्र जागचे हलत नाही. ही कल्पना मूळची आरमाराची. ब्रिटिश आरमारासाठी राल्फ बेंजामिन यांनी ती १९४६ मध्ये मांडली. १९५२ च्या सुमारास कॅनडाच्या आरमाराच्या यंत्रात तर बोलिंगच्या खेळातला चेंडूच बसवला होता. आज हातभर जागेत तो सुखाने मावतो. अंगठ्याने फिरवायचा आणि बोटांनी फिरवायचा असे दोन प्रकार मिळतात. दिवसभर काम असेल तर बोटांचा बरा, नाहीतर मनगट सुटते आणि अंगठा धरतो. मजकूर निवडून ओढत नेणे माऊसइतके सोपे नाही, हेही सांगायला हवे. त्यासाठी शिफ्ट आणि बाणांच्या कळा वापराव्यात.

बाकी मांडणीला पैसे लागत नाहीत. कळफलकाचे मागचे पाय मिटून टाकावेत, उभे केले की मनगट वर मुडपते. कोपर साधारण काटकोनात असावे. जेवणाचे टेबल बहुतेक बायकांना उंच पडते, मग खुर्चीत घडी घातलेली गोधडी आणि पायाखाली पाट. लॅपटॉपखाली दोन जाडजूड शब्दकोश ठेवले की पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येते. नणंदेने हे आधी केले, खरेदी नंतर. दुखणे निम्मे तिथेच उतरले, असे ती सांगते. मुंग्या येत असतील किंवा रात्री हात बधिर होत असेल तर मात्र डॉक्टरांनाच दाखवावे.

नव्या कळफलकावर पहिले काही दिवस वेग पडतो. हातात तातडीचे काम असताना बदल करू नये. आठवड्यातून एकदा चेंडू काढून मऊ फडक्याने पुसावा आणि खाली साचलेला मळ काडीने हलकेच टिपावा. चेंडू बाहेर असेपर्यंत घरातल्या गोट्या खेळणाऱ्या मंडळींवर लक्ष असू द्यावे.