ते पित्त नसतं

"आठव्या महिन्यात पित्त वाढतंच गं!" हे वाक्य किती घरांत ऐकलं, त्याची मोजदाद सोडली. पोरगी सांगते, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, उजव्या बरगडीखाली कळ येतेय. घरातून आलेपाक येतो, कोकम सरबत येतं, मेडिकलमधून अँटासिड येतं. रक्तदाब तेवढा कुणी मोजत नाही!

गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर या तक्रारी सुरू झाल्या तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तो प्रीएक्लॅम्प्सिया असू शकतो. यात रक्तदाब 140/90 किंवा वर जातो आणि लघवीतून प्रथिनं जातात. नाहीतर यकृत, मूत्रपिंड, रक्तातल्या प्लेटलेट यांच्यावर परिणाम दिसू लागतो. बरगडीखालची कळ ही सुजलेल्या यकृताची असते, त्यावर अँटासिड काय करणार? आकडा 160/110 झाला आणि पंधरा मिनिटांनीही तसाच राहिला, तर तासाभरात लॅबेटॅलॉल किंवा निफेडिपिनसारखं औषध मिळायला हवं. "सकाळी बघू" म्हणण्याइतका वेळ हातात नसतो. मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, झटके येऊ शकतात.

झटका आलाच तर कांदा आणि चप्पल कृपा करून लांब ठेवा. बाईला डाव्या कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, 108 ला फोन लावा. "मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन बाळाला बाधतं," असं सांगून झटके रोखणारं हे औषध नाकारणारे नातेवाईकही भेटतात. 2002 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला मॅग्पाय अभ्यास 33 देशांतल्या दहा हजारांवर स्त्रियांचा होता. त्यात या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला आणि बाळांना गंभीर अपाय दिसला नाही.

मीठ तोडल्याने हा आजार टळत नाही. पाय सुजले नाहीत म्हणून रक्तदाब ठीक, असंही नाही. पुष्कळदा काहीच जाणवत नाही, म्हणून तर प्रत्येक तपासणीत तो मोजायचा.

आणि "मोकळी झाली, आता कसलं बीपी!" हेही खोटं. बाळंतपणानंतर साधारण तिसऱ्या ते सहाव्या दिवशी रक्तदाब पुन्हा चढतो. झटके त्यानंतरही येऊ शकतात. नेमकी तेव्हा ती घरी आलेली असते, आणि डोकं दुखतं म्हणाली की वारं लागलं म्हणून कानाला फडकं बांधतात. फडकं खुशाल बांधा, पण आधी नर्सताईंकडून दंडाला पट्टा बांधून घ्या.