मच्छिमार नौकेला काढता-घालता येणाऱ्या खिडक्या

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या सागरी जिल्ह्यांत लहान यांत्रिक नौकांवर उदरनिर्वाह करणारी हजारो कुटुंबे आहेत. नौकेची लांबी, इंजिनाची शक्ती, जाळ्यांचे प्रकार, बर्फाचा पुरवठा यांविषयी या पृष्ठांतून व अन्यत्र पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ज्या जागी उभे राहून तांडेल दहा-दहा, बारा-बारा तास सुकाणू सांभाळतो, त्या केबिनचा विचार क्वचितच होतो. बहुतेक लहान नौकांवर ही केबिन म्हणजे चार खांब, वर छप्पर, पुढे एक काच आणि दोन्ही बाजूंना मोकळ्या चौकटी एवढीच असते. पावसाळी बंदीचा काळ १ जून ते ३१ जुलै असा असतो. तो संपून नौका समुद्रात उतरतात, तेव्हा पाऊस सरलेला नसतो. बाजूने येणारा पाऊस आणि लाटांचे तुषार थेट तांडेलाच्या अंगावर, होकायंत्रावर आणि बिनतारी संचावर येतात. डोळ्यांत खारे पाणी गेलेला माणूस समोर काय पाहणार?

यावर सर्वत्र आढळणारा उपाय म्हणजे ताडपत्री. ती स्वस्त असते व गुंडाळून ठेवता येते, हे खरे. पण वाऱ्यात ती फडफडते आणि तिच्यातून दिसत नाही. शिवाय ओल्या दोरीची गाठ वेळेवर सुटत नाही. म्हणून अलीकडे काही नौकामालक बाजूच्या चौकटींना स्वतःच पारदर्शक तावदाने बसवून घेऊ लागले आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातील एका बंदरात असे काम पाहण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. किनाऱ्यावर ओढलेल्या नौकेच्या केबिनमध्ये सुतार मेस्त्री चौकटीची मापे घेत होते. खिडक्या कायमच्या पक्क्या का करीत नाही, असे विचारताच शेजारी बसलेले वयस्क तांडेल म्हणाले, "साहेब, खिडकी बसवायला कुणालाही येते. वेळेला ती निघाली पाहिजे."

या कामाचे सारे मर्म त्यांच्या या उत्तरात आहे.

निघण्याची गरज का?

पहिले कारण उन्हाचे. ऑक्टोबरात किंवा एप्रिल-मे महिन्यांत बंद केबिनमध्ये इंजिनाची उष्णता आणि छपराचा ताप सोसत उभे राहणे अशक्य होते. पण हे कारण केवळ सोयीचे झाले. दुसरे कारण प्राणाशी निगडित आहे. नौका पुढे जात असता केबिनच्या मागच्या बाजूस हवेची पोकळी निर्माण होते आणि इंजिनाचा धूर तिच्यात ओढला जातो. बाजूच्या खिडक्या बंद व मागचे दार उघडे असले, तर तो धूर आत शिरून तेथेच साचतो. आत स्टोव्ह पेटविला असेल तर त्यात भर पडते. या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो व रंगही नसतो. डोके जड होणे, मळमळणे, झोप येणे ही त्याची लक्षणे दमलेल्या खलाशाला श्रमाचीच वाटतात, आणि झोपलेला माणूस पुन्हा उठत नाही. म्हणून वाऱ्याच्या आडोशाकडील एक खिडकी नेहमी उघडी असली पाहिजे. खिडक्या पक्क्या बसविल्या, तर हा पर्यायच उरत नाही.

तिसरे कारण म्हणजे नौका उलटल्यास बाहेर पडण्याचा मार्ग. मोकळ्या चौकटीतून तांडेल पूर्वी सहज बाहेर पडू शकत होता. तिथे पक्के तावदान बसवून आपण त्याची वाट बुजवीत असतो. केबिनचे दार बहुधा मागे असते, आणि नेमके तिथेच जाळी व दोर यांचा गुंता झालेला असतो. फयान चक्रीवादळ ११ नोव्हेंबर २००९ रोजी अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. तो महिना कोकणात मासेमारीचा भर हंगाम असतो. अशा वेळी किनारा गाठण्याच्या धावपळीत केबिन बंद ठेवावी लागते, आणि बाहेर पडण्याची गरजही अशाच वेळी उद्भवते.

ऐकू येण्याचाही प्रश्न आहे. समुद्रातील टक्कर टाळण्यासंबंधीच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतील पाचवा नियम पाहण्याबरोबरच ऐकून टेहळणी ठेवण्यास सांगतो. धुक्यात किंवा मुसळधार पावसात मोठ्या जहाजाचा भोंगा प्रथम कानावर येतो, दिवा मागाहून दिसतो. सर्व खिडक्या लावून आत इंजिनाच्या आवाजात उभ्या असलेल्या माणसाला तो भोंगा ऐकू येईलच असे नाही.

तावदान कशाचे असावे?

घरातील साधी काच येथे सर्वथा वर्ज्य समजावी. फुटल्यावर तिचे सुऱ्यासारखे तुकडे होतात. शिवाय ती जड असते. ६० सेंटिमीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद व ६ मिलिमीटर जाड काचेचे वजन सुमारे ४ किलो भरते. तेवढ्याच मापाचे प्लॅस्टिकचे तावदान २ किलोच्या आत बसते. प्लॅस्टिकमध्ये अ‍ॅक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट हे दोन प्रकार बाजारात मिळतात. अ‍ॅक्रिलिक उन्हाने सहसा पिवळे पडत नाही व त्यावर ओरखडे कमी उठतात, पण आघाताने ते तडकते. पॉलिकार्बोनेटला हातोडीचा घावही सहजासहजी फोडीत नाही. मात्र त्याचा पृष्ठभाग मऊ असतो आणि ऊन-रोधक थर नसल्यास ते काही वर्षांत पिवळे व ठिसूळ होते. हा थर पुष्कळदा पत्र्याच्या एकाच बाजूला असतो व तशी सूचना वरच्या संरक्षक कागदावर छापलेली असते. कागद आधीच सोलून टाकला की बाहेरची बाजू कोणती हे कळण्यास मार्ग राहत नाही. वरील मेस्त्रींनी म्हणूनच पहिल्या दिवशी प्रत्येक तावदानाच्या कोपऱ्यावर खूण करून ठेवली होती.

जाडीच्या बाबतीत काटकसर करू नये. ताशी ६० किलोमीटर वेगाचा वारा वरील मापाच्या तावदानावर साडेचार किलोच्या आसपास भार टाकतो. तो कोणतीही पट्टी पेलील. पण पाणी हवेपेक्षा आठशे पटींहून अधिक जड असते. सेकंदाला ३ मीटर वेगाने येऊन आदळणारी लाट त्याच तावदानावर सुमारे सव्वाशे किलोचा भार टाकते. अशा वेळी पातळ पत्रा फुटत नाही. तो वाकतो, त्याच्या कडा आत ओढल्या जातात आणि सबंध तावदान चौकटीतून निसटून तांडेलाच्या तोंडावर येते. यासाठी तावदान चौकटीच्या पोकळीपेक्षा प्रत्येक बाजूने किमान २५ मिलिमीटर मोठे ठेवावे.

बसविण्याची रीत

याच हिशेबातून दुसरी गोष्ट ठरते. तावदान चौकटीला आतून न लावता बाहेरून टेकवावे. आतून लावल्यास लाटेचा सारा भार लहानशा खटक्यांवर येतो. बाहेरून टेकविल्यास लाट तावदानाला चौकटीवरच दाबते आणि भार लाकूड पेलते. आतल्या माणसाला मात्र ते बाहेर ढकलता येते.

आम्ही पाहिलेल्या नौकेवर हे फार साध्या रीतीने साधले होते. चौकटीच्या खालच्या अंगास बाहेरून एक पन्हळ बसविली होती, तिच्यात तावदानाची खालची कड उभी राहते. वरच्या अंगास चौकटीतून आरपार जाणारे दोन बोल्ट होते. प्रत्येकाच्या बाहेरच्या टोकाला घराच्या दाराला असते तशी फिरकी आणि आतल्या टोकाला मूठ. मूठ उभी असली की फिरकी तावदानावर उतरलेली असते. ती आडवी केली की तावदान मोकळे होते. मुठीची दिशा अंधारात हाताला कळावी आणि सर्व खिडक्यांना ती सारखीच असावी, असा आग्रह त्या तांडेलांनी धरला होता. फिरकी व मूठ बोल्टवर सैल होऊ नयेत म्हणून दोन-दोन चाक्या एकमेकींवर आवळल्या होत्या. तावदानाच्या एका कोपऱ्याला भोक पाडून तेथून एक बारीक दोरी केबिनच्या आत बांधली होती. त्यामुळे काढताना हातून सुटले तरी तावदान समुद्रात जात नाही. ही दोरी आखूड असावी. लांब दोरी बाहेर पडणाऱ्याच्या पायात गुंतेल.

पन्हळीला तळाशी भोके ठेवणे विसरू नये. साचलेले खारे पाणी चौकटीचे लाकूड आतून कुजवते आणि वरचा रंग मात्र शाबूत दिसत राहतो. नवी चौकट करावयाची झाल्यास भारतीय मानक ७१० चे शिक्के असलेले मरीन प्लायवूड घ्यावे, व कापलेली प्रत्येक कड रंगाने बंद करावी. अ‍ॅल्युमिनियमची पन्हळ व पितळी स्क्रू यांची जोडी टाळावी. दोन भिन्न धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले की त्यांतील एक झिजतो, आणि येथे तो अ‍ॅल्युमिनियमचाच असतो. गंजरोधक पोलादाचे स्क्रू वापरून त्यांखाली प्लॅस्टिकचे वॉयसर घातले म्हणजे पुरेसे होते.

मापे फूटपट्टीने न घेता पुठ्ठ्याचा नमुना कापून घ्यावीत. लहान नौकेच्या केबिनचे कोन काटकोन नसतात, आणि डाव्या व उजव्या चौकटी एकसारख्या दिसल्या तरी तशा असतातच असे नाही. नमुना बसल्यावर त्यापेक्षा तावदान २ ते ३ मिलिमीटर लहान कापावे. हे प्लॅस्टिक उष्णतेने लाकडापेक्षा पुष्कळ अधिक फुगते. २५ अंशांचा फरक पडला तरी ६० सेंटिमीटर लांबीत सुमारे १ मिलिमीटर वाढ होते. घट्ट बसविलेले तावदान सकाळी निघेल, पण भर दुपारी अडकेल. कडांभोवती रबराची पट्टी लावावी, सिलिकॉन किंवा अन्य चिकट पदार्थ लावू नये. तो एकदा लागला की काढता येणारी खिडकी पक्की होऊन बसते.

साफ करताना पेट्रोल किंवा थिनर लावल्यास पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात. सुकलेले मीठ कोरड्या फडक्याने पुसणे हीदेखील नेहमीची चूक आहे, कारण मिठाचे कण खरवडतात. रात्री समोरून येणारा दिवा त्या ओरखड्यांवर पसरतो व त्याचे अंतर कळत नाही. आधी गोडे पाणी ओतावे, मग मऊ कापड फिरवावे. उन्हासाठी म्हणून काळी फिल्म चिकटविण्याची टूम काही ठिकाणी दिसते. रात्री काम करणाऱ्या नौकेवर तिला स्थान नाही.

नौकेच्या बाजूचे दिवे, डावीकडील लाल व उजवीकडील हिरवा, केबिनलाच लावलेले असल्यास तावदानाच्या कडेने किंवा पन्हळीने ते झाकले जात नाहीत, हे अंधार पडल्यावर दूर उभे राहून पाहावे. नोंदणी क्रमांकही झाकला जाता कामा नये. काढलेली तावदाने छपरावर न ठेवता खाली, जुन्या पोत्यात गुंडाळून उभी ठेवावीत. छपरावर आधीच जाळी व बोये यांचा भार असतो. वरचे वजन जितके कमी, तितकी नौका सावरण्यास बरी.

बंदीच्या दोन महिन्यांत नौका किनाऱ्यावर असतात, मेस्त्री उपलब्ध असतात आणि मालकाला सवड असते. मच्छिमार सहकारी संस्थांनी पॉलिकार्बोनेटचे मोठे पत्रे एकत्रित खरेदी केले, तर कापणीत वाया जाणारा भाग वाचेल. किनाऱ्यावरील गावांत तांत्रिक विषय शिकविणाऱ्या शिक्षकांना नमुना कापणे, भोके पाडणे ही कामे विद्यार्थ्यांकडून करवून घेता येतील. ग्रामपंचायत सदस्यांनी मात्र एका चाचणीचा आग्रह धरावा. नौका पाण्यात उतरण्यापूर्वी सर्व खिडक्या लावाव्यात, तांडेलाला लाईफ जॅकेट घालून आत उभे करावे, त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधावी, आणि कोणतेही हत्यार न देता, एका हाताने तावदान मोकळे करून चौकटीतून बाहेर यावयास सांगावे. वर उल्लेखिलेल्या नौकेवर ही चाचणी आमच्यादेखत झाली. पहिल्या खेपेस तांडेलांचे जॅकेट चौकटीत अडकले. मेस्त्रींनी काहीही न बोलता पेन्सिल घेतली आणि चौकटीची खालची पट्टी चार बोटे खाली सरकविण्याची खूण केली.