थोडे चालणाऱ्या गाडीचे दुखणे

गेल्या भाद्रपदातील गोष्ट. गौरी-गणपतीचे सामान आणण्यासाठी सुलतान बाजारला निघावयाचे होते. काच पुसण्याचे पाणी भरावे म्हणून आम्ही गाडीचे बॉनेट उघडले आणि सहज हाताशी आले म्हणून इंजिन ऑइलचे झाकणही फिरवून काढले. झाकणाच्या आतल्या अंगास पिवळसर पांढरा, दाट लेप बसलेला होता. आमच्या सौ. जवळच उभ्या होत्या. "अहो, हे तर ताक घुसळल्यासारखं दिसतंय," त्या म्हणाल्या. त्या वेळी आम्ही त्या बोलण्याकडे लक्ष दिले नाही. पुढे कळले की, अचूक निदान त्यांचेच होते.

एका गॅरेजमध्ये गाडी दाखविली. तेथील तरुणाने झाकणाकडे एक दृष्टी टाकली आणि निकाल दिला: हेड गॅस्केट गेले, रेडिएटरचे पाणी ऑइलमध्ये उतरते आहे, इंजिन खोलावे लागेल, खर्च अठरा हजार. अलंकार आणि वृत्ते शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने यावर काय प्रतिवाद करावा? परंतु अठरा हजारांचा आकडा मनुष्यास विचारी बनवितो. आम्ही गाडी गौलीगुड्याकडील एका वृद्ध मिस्त्रींकडे नेली.

त्यांनी प्रथम दोन प्रश्न विचारले. रेडिएटरचे पाणी कमी होते का? गाडी तापल्यावरही मागून पांढरा धूर निघतो का? दोन्हींचे उत्तर नकारार्थी होते. मग त्यांनी तव्यासारखा एक पत्रा तापविला आणि त्यावर डिपस्टिकवरील ऑइलचा थेंब टाकला. तो मुकाट पसरला. नंतर झाकणावरचा लेप टाकला, तो तडतडला. "साब, कित्ता चलाते गाडी?" आम्ही सांगितले: घर ते शाळा अडीच किलोमीटर, तेवढेच परत, कधी ग्रंथालय, कधी भाजी. मिस्त्री हसले. "गाडी को गरम होनेच नै देते आप." दख्खनीतील हा 'च' आपल्या मराठीकडूनच गेलेला. तो ऐकून आम्हांस एरवी आनंद होतो. त्या दिवशी मात्र तो वर्मी लागला.

प्रकार असा आहे. पेट्रोल जळले की धुराबरोबर पाण्याची वाफही निर्माण होते, आणि ती थोडीथोडकी नव्हे. एक लिटर पेट्रोलमागे साधारण एक लिटर पाणी. त्यातील बहुतेक सारे सायलेन्सरवाटे बाहेर जाते. परंतु पिस्टनच्या रिंगांना चुकवून थोडा वायू खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतोच. इंजिन तापलेले असेल, तर ही वाफ एका झडपेच्या नळीतून पुन्हा वर ओढली जाते आणि जळते. इंजिन थंड असेल, तर भाताच्या झाकणास जसे थेंब धरतात, तसे ते आत धरतात. ते ऑइलात मिसळतात, क्रँकशाफ्ट रवीसारखी फिरत असते आणि घुसळण होते. झाकण हा इंजिनाचा सर्वांत थंड कोपरा, म्हणून लेप प्रथम तेथे दिसतो.

लोणी कढविताना आधी तडतड होते, पाणी निघून जाते, आवाज थांबला की तूप झाले हे घरातील पोरीसोरीही जाणतात. कच्चे कढलेले तूप टिकत नाही. इंजिन ऑइलाचेही तसेच. ते शंभर अंशांच्या आसपास पोहोचून काही काळ तेथे राहिले पाहिजे, तरच त्यातील पाणी आणि न जळलेले पेट्रोल उडून जाते. रेडिएटरचे पाणी लवकर तापते. ऑइल बरेच मागे राहते. तेव्हा डॅशबोर्डवरचा निळा दिवा विझला म्हणजे ऑइल तापले, असे समजू नये. अडीच किलोमीटरांत आम्ही रोज दोनदा लोणी चुलीवर ठेवून विरघळताच उतरवीत होतो.

हे थंड मुलखाचे दुखणे, हैदराबादच्या उन्हाळ्यात त्याची काय मात्रा, असे कोणी म्हणेल. वैशाखात लेप दिसत नाही, हे खरे. परंतु पावसाळ्यात आणि मार्गशीर्ष-पौषाच्या गार सकाळी आपल्या पठारावरील इंजिनेही पुरेशी थंड असतात. त्यात २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले. तेवढेच काम करताना इथेनॉल पाणी काहीसे अधिकच देते.

लेप झाकणावर आहे, तोवर फारसे बिघडत नाही. खरी हानी मुकाट्याने होते. पाणी आणि ज्वलनाचे वायू मिळून आम्ले बनतात. त्यांना मारणारी द्रव्ये ऑइलात असतात, ती संपत जातात. आणि तळाशी काळा चिखल साचू लागतो. आमच्या एका सेवानिवृत्त स्नेह्यांची गाडी सात वर्षांत एकवीस हजार किलोमीटर चालली होती. देऊळ, बँक, नातवाची शाळा, एवढाच तिचा प्रपंच. "ऑइल कधी कमी होतच नाही," असे ते अभिमानाने सांगत. ते कमी कसे होणार? जितके जळे, तितके पाणी आणि पेट्रोल त्यात भर घाली. दहा हजार किलोमीटर भरले नाहीत, म्हणून ते बदललेही नव्हते. पुतणीच्या लग्नासाठी मंडळी नांदेडला निघाली. इतक्या दिवसांनी गाडी मनसोक्त तापली, पाणी-पेट्रोल उडाले, ऑइल खाली गेले, आणि सुटलेल्या चिखलाने पंपाची जाळी तुंबली. कामारेड्डीच्या अलीकडे लाल दिवा लागला. पुढे गाव आहे, तेथे पाहू, म्हणून त्यांनी गाडी चालूच ठेवली. इंजिन आवळले गेले. मंडळी बसने पोहोचली, ती अक्षता पडून गेल्यावर. त्या पुतणीला या काकांनीच वाढविले होते. त्यांनी हे सांगताना इंजिनाच्या खर्चाचा उल्लेखही केला नाही.

निजाम राज्य रेल्वेने १९३२ साली २७ बसगाड्यांनिशी आपल्याकडे रस्तावाहतूक सुरू केली. सकाळी निघून रात्री आगारात येणाऱ्या बसला हे दुखणे सहसा जडत नाही. ते जपून ठेवलेल्या गाडीचे दुखणे आहे. २०२० च्या टाळेबंदीत अनेकांनी फाटकाशी रोज पाच मिनिटे इंजिन चालू ठेवले. बॅटरी जिवंत राहावी, हा हेतू. ते उलटेच झाले. उभ्या गाडीचे इंजिन फार हळू तापते आणि थंड इंजिनात पेट्रोलही जास्त ओतले जाते.

मिस्त्रींनी सांगितले ते एवढेच: ऑइल किलोमीटरवर नव्हे, महिन्यांवर बदला, सहा महिने पुरे. गाडीच्या पुस्तिकेतही लहान फेऱ्यांना 'कठीण वापर' गणून निम्मी मुदत दिलेली असते, पण ते पान वाचतो कोण? आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास न थांबता गाडी चालवावी. पी. व्ही. नरसिंह राव उड्डाणमार्गाने शमशाबादकडे जाऊन यावे, किंवा बाह्य वळणरस्ता आहेच. मात्र डिपस्टिकवरचे ऑइलच दुधाळ झाले असेल वा रेडिएटरचे पाणी घटत असेल, तर गाडी मुळीच चालवू नये. तेव्हा त्या तरुणाचे निदान खरे ठरण्याचा संभव असतो.

मिस्त्रींनी ऑइल आणि फिल्टर बदलला. आम्ही आता शाळेत पायी जातो. अर्धा तास लागतो आणि वाटेत विद्यार्थी भेटतात. रविवारी सौ.ना घेऊन यादगिरीगुट्ट्यास जातो, जाऊन येऊन सव्वाशे किलोमीटर. पौषात परत आल्यावर झाकण काढून पाहिले. सौ.नी पदराच्या टोकाने आतून पुसले. पदरास नुसते तेल लागले, आणि त्याबद्दल आम्हांस बोलणी खावी लागली.