गोधडीवरची इंग्रजी शाळा

२००० साली महाराष्ट्रातील मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून सुरू झाले. "आम्हांला येत नाही, लेकरांना काय सांगणार?" असे म्हणून हात झटकू नका. रात्री अंथरूण घालताना गोधडीचे तुकडे दाखवा. लेकरांनी रेड, ग्रीन, यलो म्हणावे. मग पलंग, उशी, कपाट म्हणजे बेड, पिलो, कबर्ड. यात एक सोय आहे. आपल्याकडे निळा पलंग, निळी उशी, निळे कपाट. इंग्रजीत तिन्हींना ब्लूच! रोज तीनच शब्द पेरा, कालचे आधी विचारा. चुकले तर हसू नका. घरी हसे झालेले मूल वर्गातही तोंड उघडत नाही. उलट, "आम्हांला शिकव" म्हणा. शिकवता शिकवता त्याचेच शब्द पक्के होतील.