वर्ग वरच्या मजल्यावर, पोरगी खालच्या पायरीवर

सोयाबीन काढणीचे दिवस होते. एका शेतकऱ्याच्या खळ्यावर उभं राहून मळणी यंत्राच्या चाळणीबद्दल आमचं बोलणं चाललं होतं. ओट्यावर त्यांची थोरली मुलगी पुस्तक घेऊन बसलेली. आज कॉलेजला सुट्टी आहे का, असं मी सहज विचारलं. बाप म्हणाला, "सुट्टी कसली साहेब, महिना झाला घरीच हाय. मला जायला सवड न्हाई, मग ती कशी जाणार?"

मुलीच्या पायांत लहानपणापासून बळ नाही. सपाट जमिनीवर कुबड्यांनी चालते, पायऱ्या मात्र चढवत नाहीत. बारावी चांगल्या गुणांनी पास झाली, तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.ला प्रवेशही मिळाला. पण अर्थशास्त्राचा तास पहिल्या मजल्यावर आणि मध्ये बावीस पायऱ्या. बाप रोज मोटारसायकलवरून नेई, पाठीवर घेऊन वर पोचवी आणि तास सुटेपर्यंत खाली झाडाखाली बसे. सुगी आली, बाप शेतात अडकला आणि पोरीचं शिक्षण थांबलं.

शेतकरी बंधूंनो, ही एका घरची गोष्ट नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली, त्यातल्या १ कोटी ८६ लाख खेड्यांत राहणाऱ्या होत्या. सरकारी कागदावर आता 'दिव्यांग' म्हणतात. शब्द बदलला, पण पायऱ्या तेवढ्याच राहिल्या.

कायदा काय सांगतो?

१९९५ च्या कायद्यात अपंगांना शिक्षणसंस्थांत ३ टक्के जागा होत्या. २०१६ च्या नव्या कायद्याने सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांत, विद्यापीठांत त्या किमान ५ टक्के केल्या. वयाची अटही ५ वर्षांनी शिथिल केली. त्यासाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो.

पण प्रवेश मिळाला म्हणजे वर्ग मिळाला, असं होत नाही. याच कायद्यात पुढे लिहिलंय की इमारत, आवार आणि सोयी अपंग विद्यार्थ्याला वापरता येतील अशा करायच्या आणि त्याच्या गरजेप्रमाणे व्यवस्था द्यायची. जुन्या सार्वजनिक इमारती तशा करून घ्यायला नियम निघाल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून २०१७ मध्ये निघाले, म्हणजे मुदत जून २०२२ लाच संपली. तेव्हा सोय मागणं म्हणजे कुणापुढे पदर पसरणं नव्हे. तो हक्क आहे.

ढाळ चुकला की काम वाया

बांध घालताना आपण आधी ढाळ बघतो. रॅम्पचंही तसंच आहे. १ फूट चढायला किमान १२ फूट लांबी लागते. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील तर उतार १८ फुटांचा हवा, बाजूला धरायला कठडा हवा. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी चार-पाच फुटांत उतार उरकतात. त्यावरून मोटारसायकल आत जाते, चाकाची खुर्ची जात नाही. ग्रामपंचायत, शाळा, दवाखाना बांधताना सरपंचांनी आणि अभियंत्यांनी टेप लावून बघावं.

प्रत्येक सोयीला पैसा लागतोच असंही नाही. वरचा तास खालच्या खोलीत घ्यायला वेळापत्रक बदलावं लागतं, एवढंच. ज्याला कमी ऐकू येतं त्याला पुढचं बाक द्यावं, सरांनी फळ्याकडे तोंड करून न बोलता मुलांकडे बघून बोलावं. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी फळ्यावर लिहिलेलं वाचून दाखवावं. मळणी यंत्रात हात गेलेली पोरं आपल्या भागात आहेत, त्यांना परीक्षेत लेखनिक घेता येतो. लिहायला अडचण असलेल्यांना तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे ३ तासांच्या पेपरला १ तास.

आपण काय करायचं?

दाखला आणि युडीआयडी कार्ड बारावीच्या आधीच काढून ठेवा. प्रवेशाच्या गर्दीत जिल्हा रुग्णालयाची तारीख मिळाली नाही की जागा हातची जाते. कॉलेजला जी सोय हवी ती प्राचार्यांकडे लेखी मागा, पोच घ्या. तोंडी बोलणं वाऱ्यावर जातं. दाद लागली नाही तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.

सरपंच आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांना एक विनंती. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी अपंगांसाठी खर्च करायचा असतो. मार्चअखेर घाईने वाटून टाकण्यापेक्षा गावातली कॉलेजला जाणारी अपंग मुलं कोण, त्यांना काय लागतं, याची यादी जूनमध्येच करा.

त्या दिवशी खळ्यावरच आम्ही अर्ज लिहिला. मजकूर मुलीनेच सांगितला आणि सहीही तिनेच केली. प्राचार्य ऐकून घेणारे निघाले. दिवाळीच्या सुट्टीनंतर अर्थशास्त्राचा तास तळमजल्यावर आला. आता बाप तिला फाटकापाशी सोडतो आणि परत शेतावर येतो. वर्गापर्यंत ती आपली आपण जाते.

ग्रंथालय मात्र अजून वरच आहे. मैत्रिणी पुस्तकं आणून देतात, पण कपाटातून स्वतः पुस्तक निवडायचं तिचं राहूनच जातं. दुसरा अर्ज तिने लिहून ठेवलाय. या वेळी मला विचारलंही नाही.